मान कोणाचा, भार कोणाचा?

गेल्या फाल्गुनात आमचे कीर्तन आटोपल्यावर एक माळकरी गृहस्थ आमच्याजवळ येऊन बसले. बुक्का लावून झाला, टाळ पिशवीत गेले, मंडळी पांगली, तरी ते उठेनात. शेवटी म्हणाले, "बुवा, गळ्यात माळ घातली तेव्हा पांडुरंगावाचून दुसऱ्या देवाच्या भजनी लागणार नाही असा मनाशी नेम केला. आता शिमगा आला. ग्रामदेवतेची पालखी दारात येईल. तिला खांदा द्यावा, की दार लोटून घेऊन नामस्मरण करीत बसावे?"

प्रश्न ऐकायला भाबडा, पण आत शिरावे तसा खोल. आम्ही त्यांना त्या रात्री उत्तर दिले नाही. "विचार करून सांगतो," एवढेच म्हणालो. विचार करायला शास्त्र कमी पडत होते असे नव्हे. त्या खांद्याशी आमचाच एक जुना अपराध बांधलेला आहे, आणि तो सांगितल्यावाचून आमचे उत्तर खरे होणार नव्हते. ते उत्तर आज येथे देत आहोत.

घाटावरील वाचकांना आमच्या रत्नागिरीचा शिमगा कदाचित ठाऊक नसेल, म्हणून दोन शब्द सांगतो. फाल्गुन शुद्ध पंचमीला, जिला आम्ही फाकपंचमी म्हणतो, त्याला आरंभ होतो. कोणा गावाचा होम त्रयोदशीस लागतो, ते तेरसे शिमगे. कोणाचा पौर्णिमेस, ते भद्रेचे शिमगे. आंब्याचे, शेवरीचे नाहीतर सुरमाडाचे झाड सारा गाव ढोल वाजवीत ओढून आणतो आणि उभे करतो. देवळात वर्षभर पेटाऱ्यात असलेली देवतेची रूपे बाहेर निघतात, पालखीत बसतात, आणि एरवी ज्या देवाकडे आपण जावयाचे तो देवच उठून आपल्याकडे येतो. पालखी सहाणेवर बसते, मग वाडी वाडी घेते. अंगण सारवून, रांगोळी घालून घरधनीण ओटीचे तबक घेऊन उभी असते. गाऱ्हाणे घातले जाते, आणि प्रत्येक वाक्यामागे मंडळी "होय महाराजा" म्हणून साथ देतात. रात्री खेळे येतात. मृदुंगावर थाप पडते, नमन होते, गण-गौळण होते, आणि काळ्या वेषातला, उंच निमुळत्या टोपीचा, कमरेला घुंगरू बांधलेला संकासुर अंगणात आला की पोरे आजीच्या पदरात शिरतात. हा संकासुर म्हणजे आपल्या ओळखीचाच आहे. पद्मपुराणातील कार्तिकमाहात्म्यात वेद हरण करणारा जो शंखासुर, ज्याला भगवंतांनी मत्स्यरूपाने मारले, तोच हा. आषाढात लावणीमुळे शेत सोडता येत नाही म्हणून कार्तिकीची वारी धरणाऱ्या आम्हां कोकणकरांना ही कथा विशेष जवळची.

आता मूळ प्रश्न. असला हा एका कोपऱ्यातला उत्सव, त्याला शास्त्राचा आधार काय? की ही नुसती गावठी चाल?

वाचकहो, गंमत पाहा. पाठशाळेत आम्ही जैमिनींची मीमांसा वाचू लागलो तेव्हा पहिल्याच अध्यायात आम्हांला चक्क शिमगा भेटला! तेथे एक होलाकाधिकरण आहे. होलाका म्हणजे होळीचाच उत्सव. शबरस्वामी शंका मांडतात ती अशी: होलाका हा उत्सव पूर्वेकडचे लोकच करतात, दक्षिणेकडच्यांचा आणखी एक आचार आहे, उत्तरेकडच्यांचा आणखी एक. मग ज्या वेदवचनाचे या आचारांमागे अनुमान करावयाचे, ते वचन त्या त्या देशापुरतेच आहे असे मानावे काय? सिद्धान्त असा की, नाही. आचार दिसतो एका देशात, पण त्यामागील धर्म देशाच्या कुंपणात कोंडलेला नसतो. तो सर्वांसाठी असतो. याच विचारात पुढे मथुरेचे उदाहरण येते. माथुर कोणाला म्हणावे? ज्याचा मथुरेशी संबंध आहे त्याला, मग तो आज मथुरेत नांदत असो वा गाव सोडून गेलेला असो. आमच्या मुंबईच्या चाकरमान्यांनी हे अधिकरण सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवावे!

तेव्हा गावचा उत्सव क्षुद्र नाही, त्यामागे सर्वांना लागू पडणारे काही आहे. ते कोणते, हे पुढे पाहू. पण माळकऱ्याचे काय? संतांनी पशूचे बळी देऊन फेडलेल्या नवसांवर कोरडे ओढले आहेत, हे खरे. शिमग्यातील अचकटविचकट फाका आणि दारू यांचे समर्थन आम्हीही करणार नाही. परंतु पैठणच्या नाथमहाराजांनी काय केले? गोंधळी, वासुदेव, जोशी, भुत्या यांना त्यांनी अंगणातून हाकलून लावले नाही. त्यांचीच सोंगे घेऊन भारुडातून परमार्थ सांगितला. गावाचे अंगण नाथांना विटाळाचे वाटले नाही. मग ते आपल्याला का वाटावे? बळी नाही, व्यसन नाही, "मला अमुक दे" असा सौदा नाही, अशा खांद्याने माळ तुटत नाही. ज्याला सर्वांभूती विठ्ठल पाहावयाचा आहे त्याला शेजाऱ्याच्या दारात जाणारी पालखी परकी कशी?

येथवर उत्तर सोपे होते. आता अवघड भाग.

सन २००४ च्या शिमग्याची गोष्ट. आमच्या गावात पहिल्या खांद्याचा मान एका भावकीचा. पिढ्यान्पिढ्यांची वहिवाट. पण त्या भावकीतील तरुण सगळे मुंबईस. त्या वर्षी कोणाला रजा मिळाली नाही, कोणाच्या घरी आजारपण. गावात उरले दोन म्हातारे, त्यांपैकी एकाला दम्याने उठवत नव्हते. पालखी सहाणेवर सजून बसलेली, ढोलवाले थांबलेले, रात्र चढत चाललेली. तेव्हा खालच्या वाडीतला एक पंचविशीचा तरुण पुढे झाला. त्याच्या घराण्याकडे होमाची लाकडे तोडून आणण्याचे काम असे, खांद्याचा हक्क नव्हता. तो म्हणाला, "आमी उचलतांव पालखी. देव कवापासना खोळंबलाय." त्याच्यामागे आणखी पाच-सहा जण उभे राहिले.

लगेच कुजबूज. कोणी म्हणाले, उचलू दे. कोणी म्हणाले, आज खांदा दिला तर उद्या नारळ मागतील. शेवटी सगळ्यांचे डोळे आमच्याकडे वळले. "बुवा, तुम्ही शास्त्र शिकलात. सांगा."

आम्ही शास्त्र सांगितले. वेद, स्मृति, सदाचार ही धर्माची प्रमाणे होत. वहिवाट हाच गावचा सदाचार. मानकरी नसता दुसऱ्याने मान घेणे म्हणजे परक्याचे धन घेणे. देवाला थांबवावे, पण मर्यादा मोडू नये. बोलणे फार गोळीबंद झाले. लोकांनी माना डोलावल्या. तो तरुण काही बोलला नाही. चपला घालून खालच्या वाडीकडे चालता झाला, आणि त्याच्यामागे ते पाच-सहा जण. त्या रात्री पालखी सहाणेवरून हलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने मानकऱ्यांचा एक मुलगा आला, त्याने खांदा लावला, आणि घाईघाईने चार वाड्या झाल्या. खालची वाडी राहून गेली.

त्या वाडीत एक वृद्ध बाई एकटीच राहत असे. तिने अंगण सारवले होते, दिवा लावून ओटीचे तबक पुढ्यात घेऊन ती उंबऱ्यावर रात्रभर बसली होती. हे आम्हांला आठ दिवसांनी समजले. आम्ही गेलो तेव्हा तिने रागाचा एक शब्द काढला नाही. "येल पुढल्या वर्षी," एवढेच म्हणाली. पुढच्या फाल्गुनापर्यंत ती राहिली नाही. तो तरुणही मुंबईस गेला, आणि पुढे कित्येक शिमगे गावात आला नाही.

आमचे चुकले कोठे? मनूने धर्माची लक्षणे चार सांगितली आहेत. त्या रात्री आम्ही तीनच सांगितली. चौथे म्हणजे आपल्या अंतःकरणाचे समाधान. पालखी सहाणेवर ठेवून घरी गेलो तेव्हा आम्हांला झोप लागली नव्हती. ते चौथे प्रमाण आतून ओरडत होते, पण आम्ही त्याला पंडिताच्या पागोट्याखाली झाकून टाकले.

आणि याहून मोठी चूक अशी की जे शास्त्र सांगावयाचे तेच आम्ही विसरलो. मीमांसेच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा विचार आहे. यज्ञात एक द्रव्य न मिळाले तर त्याजागी दुसरे चालते. पण यजमानाच्या जागी दुसरा यजमान चालत नाही. याला अपवाद एकच, तो सत्राचा. सत्र म्हणजे बहुतांनी मिळून करावयाचा याग. सतरांहून कमी नाहीत, चोविसांहून अधिक नाहीत, आणि जे यजमान तेच ऋत्विज. अशा सत्राला आरंभ झाल्यावर एखादा यजमान मध्येच नाहीसा झाला तर काय करावे? कर्म टाकून उठावे? नाही. दुसरा कोणी आणावा, संख्या पुरी करावी आणि सत्र सिद्धीस न्यावे, कर्मात उणेपणा राहू नये.

शिमगा हे गावाचे सत्र आहे. ते एका भावकीचे नव्हे, सगळ्यांचे मिळून आहे. लाकडे तोडणारा, ढोल वाजवणारा, अंगण सारवणारी, सगळे त्यात यजमान आणि सगळे ऋत्विज. असे असता एक खांदा कमी पडला म्हणून सत्र मोडावयाचे, आणि मोडण्याला शास्त्राचे नाव द्यावयाचे, हे आमच्या हातून झाले. अधिकरण पाठ होते, पण वेळेला उपयोगी पडले नाही. पाठ असणे आणि कळणे यांत हे असे अंतर आहे.

मान हा शब्द आपण फार हलका करून टाकला आहे. मानाचा नारळ, मानाचा विडा, मानाचा खांदा, असे म्हणता म्हणता मान म्हणजे मिळवावयाची वस्तू झाली, आणि तिच्यासाठी भाऊबंद कोर्टाच्या पायऱ्या चढू लागले. पण पालखीच्या दांड्याखाली ज्याने खांदा दिला आहे त्याला विचारा. खांद्याची साल निघते. मान तो मूळचा भारच. पूर्वी कोणा एका घराण्याने हा भार आपण होऊन उचलला, गावाने कृतज्ञतेने त्याला नारळ दिला. भार हे मूळ, नारळ हे फळ. मूळ सुकले आणि आम्ही फळावर हक्क सांगत बसलो.

रूढीच्या नावाने दार लावून घेण्याचा हा रोग आमच्या एका गावाचा नाही. खुद्द पंढरीच्या विठोबाचे दार हरिजनांस बंद होते आणि तेव्हाही रूढीच पुढे केली जात होती. ते उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले. गुरुजी आमच्याच जिल्ह्यातले, दापोलीजवळच्या पालगडचे. आमच्या रत्नागिरीत तर त्याआधीच, १९३१ साली, सर्वांना मोकळे असे पतितपावन मंदिर उभे राहिले होते. इतके सगळे डोळ्यांपुढे असता २००४ साली आम्ही एका तरुणाला मर्यादा शिकवावी, याची आम्हांला आज लाज वाटते.

पालखीला खांदे का मिळत नाहीत हेही पाहिले पाहिजे. २००१ च्या शिरगणतीत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवर होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजारांवर आली. माणसे वाढण्याऐवजी घटली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १,१२२. म्हणजे पुरुष पोटामागे बाहेर, आणि घर, गोठा, देव सांभाळायला मागे बाया. १९९८ साली कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली, चाकरमान्यांचे येणे सोपे झाले. पण तीच गाडी त्यांना चौथ्या दिवशी परतही नेते.

हे दुखणे एकट्या कोकणचे आहे असे आम्ही समजत होतो. आमच्या एका श्रोत्याचा मुलगा नोकरीनिमित्त जपानात असतो. तो शिमग्याला आला असता संकासुराला पाहून म्हणाला, "बुवा, हा तिकडेही आहे!" मग त्याने सांगितले. जपानच्या उत्तर भागात अकिता नावाचा प्रांत आहे. तेथे ओगा द्वीपकल्पातील खेड्यांत ३१ डिसेंबरच्या रात्री गावचे तरुण भयंकर मुखवटे आणि गवताचे झगे घालून घरोघर शिरतात. त्यांना नामाहागे म्हणतात. हातात लाकडी सुरा, आणि गर्जना करून विचारणार, रडणारे पोर कोठे आहे, आळशी कोण आहे? पोरे भिऊन कोपऱ्यात दडतात. घरधनी मात्र त्यांना देव मानून भातापासून केलेले मद्य आणि तांदळाचे पदार्थ पुढे ठेवतो, मुले चांगली वागतील अशी हमी देतो, आणि ते आशीर्वाद देऊन जातात. २०१८ साली युनेस्कोने जपानातील अशा दहा प्रथांना मिळून मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले.

पण यादीत नाव आल्याने खांदा मिळत नाही! अकितातील तरुण शहरांकडे गेले. लोकसंख्या फार वेगाने घटणाऱ्या प्रांतांत त्याची गणना होते. मुखवटा आहे, घालणारा नाही. काही वस्त्यांत प्रथा बंद पडली. काही वस्त्यांनी बाहेरून आलेल्यांच्या हाती मुखवटा दिला आणि घरे पुन्हा उघडली. त्यांनी जैमिनींचे सूत्र वाचले नसेल, पण वागले ते सूत्राप्रमाणे.

त्या मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आमच्या मनातून जात नाही. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या त्याच ईशान्य भागात भूकंप होऊन समुद्र गावांवर चढला. हजारो माणसे गेली. इवाते आणि मियागी प्रांतांत हरणाचे मुखवटे घालून, ढोल वाजवीत मृतांच्या शांतीसाठी नाचण्याची जुनी चाल आहे. किनाऱ्यावरच्या कित्येक मंडळ्यांचे मुखवटे आणि ढोल लाटेत वाहून गेले. राहायला घर नाही, आणि लोक काय करीत होते? चिखलात, ढिगाऱ्यांत ढोल शोधीत होते. आणि काही गावे त्याच वर्षी नाचली.

आमच्यासारखा एखादा शहाणा विचारील, पोटाला अन्न नाही, नाच कशाला? पण विचार करा. घर पडले तर पुन्हा बांधता येते. गाव पडले तर कशाने बांधावे? चार माणसे एका तालावर पाऊल टाकतात, मेलेल्यांची आठवण एकत्र काढतात, तेव्हा ते पुन्हा गाव होतात. होलाकेमागे सर्वांना लागू असा जो धर्म आहे असे आम्ही वर म्हटले, तो आमच्या समजुतीप्रमाणे हाच. शेजाऱ्याचे दार ओलांडून पुढे जाऊ नये, वर्षातून एकदा तरी देवाला सोबत घेऊन प्रत्येक उंबऱ्यापर्यंत जावे. कोकणात त्याला पालखी म्हणतात, ओगात नामाहागे. रूप देशाचे, धर्म सर्वांचा.

येथे कोणी पूर्वपक्ष करील: "बुवा, प्रतिनिधी चालतो म्हणता, तर उद्या भाड्याने माणसे आणू. पालखी टेम्पोवर ठेवू. शिमगा पाहायला शहरातून पाहुणे येतात, त्यांच्यासाठी मंचावर नाचवू, बक्षिसे लावू." नाही, तसे नाही. जो मीमांसक माणसाच्या जागी माणूस आणावयास सांगतो, तोच बजावतो की देवतेला प्रतिनिधी नाही, मंत्राला नाही, कर्माला नाही. खांदा बदलेल, पण चालणे बदलणार नाही. पालखी शेवटच्या वाडीपर्यंत पायी गेली पाहिजे. ते जाणे हेच कर्म. २०२० च्या साथीत माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका एस. टी.च्या गाडीने पंढरीस गेल्या. देव पोहोचले. पण वाट पाहत बसलेली सासवड, फलटण, वाखरी पोहोचली काय? तेव्हा निरुपाय होता, म्हणून दोष नाही. परंतु निरुपायाने केलेल्या गोष्टीची सोय म्हणून सवय लावू नये. पाहुण्यांनी यावे, जेवावे, पाहावे; पण पाहणारा तो पाहणारा आणि यजमान तो यजमान. ज्याला यजमान व्हावयाचे आहे त्याने चपला काढून दांड्याखाली यावे, मग तो कोणत्या वाडीचा हे कोणी विचारू नये.

आमच्या गावाने पुढे हे शिकून घेतले. ते आमच्या शहाणपणामुळे नव्हे, गरजेमुळे. काही वर्षांपूर्वी गावकीत ठरले: मानकरी हजर असेल तर पहिला खांदा त्याचा, नसेल तर जो उभा असेल त्याचा. नारळ मानकऱ्यांच्या घरी पोहोचता होतो, त्यांची आठवण मोडलेली नाही. त्या बैठकीत आम्ही उभे राहून २००४ ची आमची चूक कबूल केली. कोणी काही बोलले नाही. बाहेर पडताना मात्र दम्याचा तो वृद्ध मानकरी, तेव्हा तो हयात होता, आमचा हात धरून म्हणाला, "बुवा, त्या रातीला मी पन काय बोललो नाय." अपराध एकट्याचा नव्हता, हे कळून आमचे ओझे हलके झाले असे नाही, पण ते उचलायला दुसरा खांदा मिळाला.

गेल्या शिमग्यात पालखी पहिल्याने खालच्या वाडीत नेली. वाट चढणीची. मध्येच खांदेकरी दमले, तेव्हा वाडीतल्या दोन सुना पदर खोचून पुढे झाल्या. आमच्या तोंडावर क्षणभर ते जुने पांडित्य आले होते, खोटे कशाला सांगावे? पण त्या वृद्धेचा बंद उंबरठा समोर दिसला आणि आम्ही बाजूला सरलो. पालखी वर चढली. मुंबईहून वीस वर्षांनी आलेला एक मनुष्य मागच्या दांड्याला होता. त्याचे केस आता पिकू लागले आहेत. आम्ही त्याच्या पाया पडलो. वारकऱ्याला त्यासाठी वेगळे कारण लागत नाही, म्हणून त्याने विचारले नाही. त्यानेही आमच्या पायांना हात लावला.

तेव्हा त्या माळकरी गृहस्थांना आमचे उत्तर असे. महाराज, दार लावू नका. खांदा द्या. पण देण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहा, की आपण खांदा दिल्याने कोणाचा खांदा बाहेर तर राहिला नाही? राहिला असेल तर त्याला आधी आत घ्या आणि मग चाला. आणि पालखी परत सहाणेवर येण्यापूर्वी विचारा, कोणाच्या दारी दिवा जळत राहिला नाही ना?

रामकृष्णहरि.